जुनी पिकअप केवढ्याला द्यावी?

नारायणगावचा टोमॅटो, लासलगावचा कांदा, तासगावची द्राक्षे, कोल्हापूरच्या गावागावांतले दूध, रत्नागिरीची मासळी या साऱ्याचा शेतापासून किंवा बंदरापासून बाजारापर्यंतचा पहिला टप्पा बहुतेक वेळा पिकअपच्या हौद्यातून पार पडतो. २००५ मध्ये टाटा एस आली आणि लोकांनी तिला ‘छोटा हत्ती’ करून टाकले. २०११ मध्ये अशोक लेलँडची दोस्त आली. बोलेरो पिकअप तर घाटावर आणि कोकणात सारखीच रुळली. या गाड्या पहिल्या मालकाकडे थांबत नाहीत. कर्ज फिटले, धंदा वाढला किंवा बुडाला, मुलगा शहरात गेला, की गाडी विकायला निघते आणि पहिला प्रश्न येतो तो किमतीचा. त्याचे उत्तर आज तीन ठिकाणांहून येते: शेजाऱ्याची गाडी केवढ्याला गेली, डोक्यावर कर्ज किती उरले आणि तालुक्याचा दलाल काय म्हणतो. या तिन्हींपैकी एकाचाही समोर उभ्या असलेल्या गाडीशी थेट संबंध नाही. माझे म्हणणे असे की मालवाहू गाडीची रास्त किंमत म्हणजे तिच्यात उरलेल्या कामाची किंमत. ती कागद-पेन घेऊन काढता येते, आणि काढल्यावर ती खरेदीदारापुढे उघड मांडण्यात विकणाऱ्याचेच हित आहे.

आधी ज्या आकड्यांवर लोक विसंबतात ते तपासू. विम्याच्या कागदावर गाडीची एक किंमत छापलेली असते आणि पुष्कळांना तीच सरकारमान्य किंमत वाटते. ती ठरते कोष्टकाने. गाडी सहा महिन्यांची होईपर्यंत ५ टक्के घट, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, मग ३०, ४०, आणि पाचव्या वर्षी ५० टक्के. पाच वर्षांच्या पुढे कोष्टकच संपते. तिथून पुढची किंमत कंपनी आणि मालक आपापसात ठरवतात. गाडी बेकरीचे पाव वाहते की खाणीतली खडी, हे त्या कोष्टकाला ठाऊक नसते. आयकराचा घसारा तर त्याहून वेगळी गोष्ट सांगतो. भाड्याने चालणाऱ्या मालवाहू गाडीवर दरवर्षी उरलेल्या मूल्याच्या ३० टक्के घसारा मिळतो. म्हणजे १० लाखांची गाडी सात वर्षांनंतर हिशेबाच्या वहीत सुमारे ८२ हजारांची उरते. तेवढ्यात चालती पिकअप कोणीही विकणार नाही, आणि विकूही नये. उरले कर्ज. ‘हप्ते फिटतील एवढे तरी मिळाले पाहिजेत’ हे वाक्य दर दुसऱ्या सौद्यात ऐकू येते. त्यामागची अडचण खरी आहे, पण दोन सारख्या गाड्यांपैकी एकीवर दोन लाखांचे कर्ज आहे म्हणून ती जास्त माल वाहत नाही. कर्ज हा मालकाचा आणि वित्तसंस्थेचा व्यवहार आहे. खरेदीदार त्याचे पैसे का मोजेल?

आता उरलेल्या कामाचा हिशेब. पुढचे आकडे उदाहरणापुरते धरलेले आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत. समजा, सात वर्षे वापरलेली पिकअप आहे, मीटरवर १ लाख ६० हजार किलोमीटर, आणि तशीच नवी गाडी आज रस्त्यावर यायला १० लाख लागतात. नीट सांभाळलेली अशी गाडी साडेतीन लाख किलोमीटर काम देते आणि शेवटी भंगारात ५० हजारांना जाते, असे धरू. मग नव्या गाडीचे साडेनऊ लाख रुपये साडेतीन लाख किलोमीटरवर पसरतात. किलोमीटरमागे सुमारे २ रुपये ७१ पैसे. आपल्या गाडीत १ लाख ९० हजार किलोमीटर उरले आहेत. त्यांचे ५ लाख १६ हजार होतात, भंगाराचे ५० हजार धरून ५ लाख ६६ हजार. इथे थांबणारे पुष्कळ आहेत आणि चूक इथेच होते. गाडीचे उत्तरार्धातले किलोमीटर पूर्वार्धातल्यांसारखे नसतात. वॉरंटी संपलेली, क्लच-गिअरबॉक्स थकलेला, इंजेक्टर आणि टर्बो कधी खर्च काढतील सांगता येत नाही, आणि ऐन हंगामात दोन दिवस गॅरेजात गेले तर ते भाडेही बुडते. यासाठी किलोमीटरमागे एक रुपया वजा धरला तर १ लाख ९० हजार गेले. उरले ३ लाख ७६ हजार. आता गाडी घेतल्या घेतल्या करावी लागणारी कामे: चार टायर २४ हजार, क्लच १२ हजार, पासिंगसाठीची रंगरंगोटी आणि किरकोळ कामे १५ हजार. हे ५१ हजार गेले. उलट बाजूला विमा अजून नऊ महिने चालू आहे. साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीचा तृतीय पक्ष विम्याचा हप्ता २०२२ मध्ये कराशिवाय १६,०४९ रुपये ठरवण्यात आला. तो आधार धरला तर नऊ महिन्यांचे १२ हजार विकणाऱ्याचे. हिशेब ३ लाख ३७ हजारांवर येतो. सव्वातीन ते साडेतीन लाखांत कुठेही सौदा झाला तर दोघांनाही नजर चुकवावी लागणार नाही.

या हिशेबात सर्वांत नाजूक आकडा आहे तो मीटरवरचा, कारण किलोमीटर आणि झीज यांचे नाते गाडीगणिक बदलते. मासळी वाहणारी गाडी बघावी. बर्फाचे खारे पाणी हौद्यातून झिरपून चेसिसवर पडते आणि वरून रंग चकचकीत असला तरी खालचा पत्रा आणि आडवे पट्टे गंजाने पोकळ होतात. त्यात समुद्रकाठची हवा. कशेडी किंवा आंबोली घाट रोज चढणाऱ्या गाडीचे क्लच आणि ब्रेक लातूर-सोलापूरच्या सपाट रस्त्यावरच्या गाडीपेक्षा कितीतरी आधी संपतात. खडी, वाळू, विटा वाहणाऱ्या गाडीत पाट्यांना जादा पान टाकलेले दिसते. दीड टनाच्या गाडीत अडीच टन भरण्याची ती सोय असते, आणि तिचा भार शेवटी चेसिसवर येतो. कायद्याने जादा भाराला २० हजारांचा दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार अशी शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर आहे, पण गाडीला बसलेला दंड पावतीवर दिसत नाही. तो दिसतो चेसिसला मारलेल्या वेल्डिंगच्या पट्टीत, मागच्या टायरांच्या एका बाजूने खाल्लेल्या रबरात, फाळका बंद करताना न जुळणाऱ्या कडीत. दूध किंवा पाव वाहिलेल्या गाडीचे दोन लाख किलोमीटर खाणीवरच्या गाडीच्या एका लाखापेक्षा चांगले असू शकतात. म्हणून ‘मॉडेल कोणते, किती चालली’ एवढ्यावर भाव सांगणे म्हणजे अर्धीच माहिती देणे. गाडीने आजवर काय वाहिले हे विकणाऱ्याने आपणहून सांगितले पाहिजे. हलका माल वाहिला असेल तर ती गाडीची जमेची बाजू आहे, आणि ती सांगितली नाही तर तिचे पैसेही मिळत नाहीत.

जुन्या गाडीच्या किमतीला वरून आणि खालून मर्यादा असतात, आणि त्या मालकाच्या हातात नसतात. वरची मर्यादा नव्या गाडीची. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू वाहनांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. पूर्ण सवलत ग्राहकापर्यंत पोचली तर करासह किंमत पावणेआठ टक्क्यांच्या आसपास उतरते. १० लाखांच्या गाडीत सुमारे ७८ हजार. कर कमी झाला नव्या गाडीवर, पण त्या दिवशी गावोगावच्या अंगणात उभ्या असलेल्या प्रत्येक जुन्या पिकअपची किंमतही खाली आली. त्याची बातमी जुन्या गाडीच्या मालकाला कोणी दिली नाही, आणि तो अजून आधीच्या वर्षीच्या सौद्याचा दाखला देत बसला आहे. खालची मर्यादा भंगाराची. २०२१ च्या केंद्रीय भंगार धोरणात नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के भंगारमूल्य सुचवले आहे आणि नोंदणीकृत केंद्रात गाडी मोडल्याच्या प्रमाणपत्रावर नव्या मालवाहू गाडीच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. २०२२ पासून पंधरा वर्षांवरील वाहतूक वाहनांच्या पासिंगचे शुल्कही अनेक पटींनी वाढले. वरच्या उदाहरणातली गाडी वर्षाला तेवीस हजार किलोमीटर चालते. तिचे उरलेले १ लाख ९० हजार किलोमीटर संपायला साधारण आठ वर्षे लागतील, म्हणजे ती नेमकी पंधराव्या वर्षात पोचेल. यंत्राचे आयुष्य आणि कायद्याचे आयुष्य इथे एकत्र येतात. दहा-अकरा वर्षांच्या गाडीत मात्र यंत्र दणकट असूनही कायद्याचे आयुष्य आधी आखडते, आणि तिची किंमत काढताना छोटा आकडा धरावा.

कागदांची बाब किमतीपासून वेगळी धरतात, ते मला पटत नाही. मालवाहू गाडीचे योग्यता प्रमाणपत्र, ज्याला सगळे पासिंग म्हणतात, आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. सात वर्षांची गाडी घेणारा लवकरच दरवर्षीच्या पासिंगात शिरणार आहे, हे त्याला कळले पाहिजे. आरसी बुकावर वित्तसंस्थेचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा कागद, ई-चलनांची थकबाकी, करभरणा, एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला सुरक्षा नंबरप्लेट, यातले एकेक काम हजार-दोन हजारांचे दिसते, पण ते अडले तर गाडी नावावर होत नाही. आणि नावावर न होणे हीच विकणाऱ्यासाठी सर्वांत महाग गोष्ट आहे. मालकी बदलाच्या कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या करून, नोटरीचा कागद करून गाडी देऊन टाकण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. दलाल ती गाडी पुढे तिसऱ्याला देतो, तिसरा चौथ्याला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचे असते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले की ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक मानला जाईल, मग मधे गाडी कितीही हातांतून गेलेली असो. त्या गाडीचा विमा संपलेला असेल तर भरपाईची नोटीस पहिल्या मालकाच्या घरी येते. म्हणून ‘नावावर नंतर करू, वीस हजार जास्त घ्या’ हा भाव चढा वाटला तरी प्रत्यक्षात तोट्याचा आहे. ते वीस हजार म्हणजे कितीही मोठी होऊ शकणारी जबाबदारी अंगावर घेण्याचे दाम आहे, आणि ते फार थोडे आहे.

जीएसटीत नोंदणी असलेल्या व्यावसायिकाने आणखी एक खर्च धरावा. गाडी घेताना इनपुट क्रेडिट घेतले नसेल आणि घसारा मात्र लावला असेल, तर विक्रीची किंमत आणि वहीतले उरलेले मूल्य यांतल्या फरकावर १८ टक्के कर लागतो. वरच्या गाडीत ३ लाख ३७ हजार आणि ८२ हजार यांतला फरक अडीच लाखांवर जातो, कर सुमारे ४६ हजार. नोंदणी नसलेल्या शेतकऱ्याला किंवा घरगुती मालकाला हा कर नाही.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: बाजारात जो भाव मिळेल तोच रास्त, हिशेब कशाला? ज्या बाजारात दोन्ही बाजूंना सारखी माहिती असते तिथे हे म्हणणे बरेचसे खरे आहे. जुन्या गाड्यांचा बाजार तसा नाही, आणि हे सिद्ध करायला अर्थशास्त्रातला एक अतिशय गाजलेला निबंध जुन्या गाड्यांवरच लिहिला गेला आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखवले की गाडीतले दोष फक्त विकणाऱ्याला ठाऊक असतील तर खरेदीदार प्रत्येक गाडी सदोष असू शकते असे धरूनच भाव देतो. तो भाव चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही, तो गाडी बाजारात आणतच नाही, आणि बाजारात हळूहळू वाईट गाड्याच उरतात. या विषयावरच्या कामासाठी त्यांना २००१ मध्ये नोबेल मिळाले. आपल्या तालुक्यांत नेमके हेच दिसते. वेळेवर ऑइल बदललेली, जादा भार न भरलेली गाडी आणि मीटर मागे घेतलेली, चेसिसला पट्टी मारलेली गाडी यांना जवळपास एकच भाव सांगितला जातो. यात सर्वांत मोठे नुकसान प्रामाणिक मालकाचे होते. म्हणून दोष उघड करणे ही केवळ सज्जनपणाची गोष्ट नाही. सर्व्हिसच्या पावत्या, टायरांची बिले, भरलेल्या मालाची माहिती आणि गाडीचे दोष यांची यादी समोर ठेवली, खरेदीदाराला त्याच्या मिस्त्रीकडून गाडी तपासून घेऊ दिली, तर त्याच्या मनातली भीती कमी होते. आणि तो जो भाव पाडत असतो तो मुख्यतः या भीतीपोटीच.

दुसरा आक्षेप विकणाऱ्याचा असतो: मागच्याच वर्षी इंजिनचे काम केले, एक लाख घातले, ते कुठे गेले? ते गाडीच्या उरलेल्या आयुष्यात गेले, आणि तिथेच मोजले पाहिजेत. इंजिन नव्याने बांधल्यामुळे गाडी साडेतीन लाखांऐवजी चार लाख किलोमीटर चालेल असे मिस्त्री खात्रीने सांगत असेल, तर त्या पन्नास हजार किलोमीटरची किंमत मिळायला हवी. आपल्या दराने ती किलोमीटरमागे पावणेदोन रुपयांच्या आत, म्हणजे पंचाऐंशी हजारांच्या आसपास येते. पण इंजिन उघडले नसते तर गाडी चाललीच नसती, असे असेल तर तो खर्च फक्त आधीचा हिशेब खरा ठेवण्यासाठी झाला, आणि तो दुसऱ्यांदा मागता येणार नाही. हौद्यावरची नक्षी, जादा दिवे, म्युझिक सिस्टीम यांबद्दल तर बोलूच नये. नव्या मालकाला त्याने एक क्रेटही जास्त नेता येत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. गाडी विकणारा अनेकदा अडलेला असतो. द्राक्षाचा हंगाम बुडाला, दवाखान्याचे बिल आले, हप्ते थकले आणि वित्तसंस्था गाडी ओढून नेण्याच्या तयारीत आहे. अशा माणसाला ३ लाख ३७ हजारांचा हिशेब सांगून काय उपयोग, त्याला तर उद्या पैसे हवेत आणि दलाल अडीच लाख रोख द्यायला तयार आहे. उपयोग असा की त्याला आपल्या घाईची किंमत कळते. इथे ती ८७ हजार आहे. ती एवढी आहे हे कळले तर काहीजण महिनाभराची उधारी शोधतील, वित्तसंस्थेकडे मुदत मागतील, किंवा निदान दलालाशी तीन लाखांवर तरी अडून बसतील. न कळल्यास अडीच लाख हाच गाडीचा भाव समजून घेतील, आणि पुढच्या आठवड्यात शेजारच्या गाडीवाल्याला तोच दाखला दिला जाईल. एका माणसाची अडचण अशी अख्ख्या गावाचा दर बनते.

दलालाला मी खलनायक मानत नाही. गाडी उभी करायला जागा, पैसे गुंतवणे, गिऱ्हाईक शोधणे, आरटीओच्या खेपा यांचे मोल आहे आणि ते त्याने घ्यावे. ते किती हे मात्र दोन्ही बाजूंना दिसले पाहिजे. जुन्या नोंदणीकृत वाहनांच्या विक्रेत्यांनी परिवहन खात्याकडून अधिकृतता घ्यावी, ताब्यात आलेली प्रत्येक गाडी पोर्टलवर कळवावी आणि तेव्हापासून तिची जबाबदारी त्यांच्यावर यावी, असे नियम एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. हे नियम कसोशीने पाळले गेले तर कोऱ्या फॉर्मवरचा धंदा आपोआप आटेल. तालुक्याच्या ठिकाणी गाडी देताना मालकाने पहिली गोष्ट मागावी ती ही अधिकृतता. ती नसेल तर थेट खरेदीदाराला विकावी.

आणि सरकारकडे एक मागणी. ब्रिटनमध्ये गाडीच्या वार्षिक चाचणीत मीटरवर दिसलेला आकडा नोंदवला जातो आणि गाडीचा नंबर टाकून कोणालाही तो वर्षावार विनामूल्य बघता येतो. अमेरिकेत मीटर मागे घेण्याविरुद्ध १९७२ पासून केंद्रीय कायदा आहे. आपल्याकडे मालवाहू गाडी ठरावीक काळाने पासिंगला जातेच, आणि गाडीचा विमा, पासिंग, बोजा ही माहिती परिवहन खात्याच्या ‘वाहन’ प्रणालीत आधीच असते. तिथेच प्रत्येक पासिंगच्या वेळचे किलोमीटर आणि चाचणीत आढळलेले मोठे दोष खरेदीदाराला उघड दिसावेत. गेल्या पासिंगला १ लाख ८० हजार असलेला मीटर आज १ लाख १० हजार दाखवत असेल, तर ते खरेदीदाराला मोबाइलवर दोन मिनिटांत कळावे. महाराष्ट्रातल्या आरटीओंनी केंद्राची वाट न पाहता, मालक बदलाचा अर्ज घेताना मीटरचे वाचन लिहून घेणे आणि ते नव्या मालकाला लेखी देणे सुरू करावे.